शून्य पाणमांजरं आणि एकशे चाळीस सायटेशन

माझ्या भावाला रोज सकाळी, दात घासायच्याही आधी, मोबाइलवर स्वतःचंच नाव शोधायची सवय आहे. डॉ. धर्मेंद्र निंबा पाटील असं इंग्रजीत टाकलं की एक पान उघडतं. त्यावर त्याचा फोटो, खाली वन्यजीवांचा अभ्यास आणि संवर्धन असं काहीसं लिहिलेलं, आणि उजव्या अंगाला तीन आकडे. पेपर किती, सायटेशन किती, आणि तिसरा तो एच-इंडेक्स. तिसरा आकडा अकरा होता. म्हणजे याचे अकरा पेपर असे, की ज्यांचं नाव प्रत्येकी निदान अकरा जणांनी आपापल्या पेपरात घेतलंय. हे मला त्यानंच समजावलं, तेही चार वेळा, कारण माझ्या तोंडावर पुरेसं कौतुक उमटत नव्हतं. अकराचे बारा झाले की तो पेढे वाटणार होता. दोन वर्षं आम्ही आपले वाट बघत होतो.

मी रंजना, त्याची मोठी बहीण. सुरतेत पर्वत पाटियाजवळ आमचं घर आहे. खालच्या खोलीत मी साड्यांना घड्या घालून खोक्यांत भरायचं काम करते, चार बायका सोबतीला असतात. वरच्या मजल्यावर धर्मा राहतो आणि इथल्याच एका खासगी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतो. आमचे वडील, बापू, शिरपूरकडच्या खेड्यातून तरुणपणी सुरतला आले, एकतीस वर्षं कापडाच्या लूमवर उभे राहिले, आणि त्या खटखटाटात निम्मे कान देऊन मोकळे झाले. हे सगळं सांगायचं कारण असं, की जगाला धर्माचं पान दिसतं. त्या पानाच्या खाली कोण उभं आहे ते दिसत नाही, आणि मला ते खुपतं. खुपतंय तर सांगूनच टाकते.

लूम सुटल्यावर बापू घरी बसले असते तर मायचं डोकं खाल्लं असतं. म्हणून कामरेजच्या पुढे एका शेठच्या मासे पाळायच्या तळ्यावर त्यांनी राखणदारी धरली. सहा दिवस तिथे खोलीवर राहायचं, एक दिवस घरी यायचं. तळ्यात पाणमांजरं येत. गुजराती लोक त्यांना जळबिलाडी म्हणतात. मुंगसाच्या वळणाचं, पण कुत्र्याएवढं जनावर, आणि मासे खाण्यात शेठच्या गिऱ्हाइकांपेक्षा वरचढ. बापूंची नेमणूक खरं तर त्यांना हाकलायला झाली होती. शेठनं एक दांडकं आणि वाजवायला पत्र्याचा डबा दिला होता. डब्यात बापूंनी पंधरा दिवसांत तुळस लावली. दांडक्यावर ते टॉवेल वाळत घालायचे. पाणमांजरांना काय, कुंपणानंच शेताची वाट दाखवली.

आता धर्माला पीएच.डी. करायची होती आणि त्यासाठी एखादं जनावर पाहिजे होतं. वाघ इथे नाही, बिबट्याला तो घाबरतो, पक्षी त्याला ओळखू येत नाहीत. बापूंनी एका रविवारी जेवताना पाणमांजरांचं सांगितलं आणि धर्मानं घास तसाच ठेवून वही आणली. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो असा. पद्धत ठरली. बापूंनी रोज पहाटे तळ्याच्या बांधावर बसायचं, दिसतील तितकी पाणमांजरं मोजायची, सात वाजता मला फोन करायचा. मी तो आकडा भिंतीवरच्या कॅलेंडरात त्या तारखेच्या चौकोनात लिहायचा. महिनाअखेरीला धर्मा जिना उतरून खाली यायचा, कॅलेंडराचा फोटो काढायचा आणि वर जायचा. याला तो फील्डवर्क म्हणत असे.

तो तळ्यावर कधी गेलाच नाही असं म्हणणार नाही, पाप लागेल. वर्षातून दोनदा जायचा. खूप खिसे असलेलं खाकी जाकीट घालून आणि पांढरे बूट घालून. चिखल बुटाला लागू नये म्हणून बापू पुढे गोणपाट अंथरत. एकदा त्यानं कॉलेजाकडून आपोआप फोटो काढणारा कॅमेरा आणला आणि झाडाला बांधला, पण तोंड पाण्याकडे करायच्या ऐवजी पायवाटेकडे केलं. तीन महिन्यांत चौदाशे फोटो आले आणि चौदाशेच्या चौदाशे फोटोंत बापू लोटा घेऊन झाडीत जाताना दिसत होते. दुसरा असता तर लाजला असता. यानं त्यावर पेपर लिहिला, तळ्याकाठच्या माणसांच्या वावराचा परिणाम. त्या पेपराला पाच सायटेशन आहेत.

पेपर कसा वाढवायचा हे तर त्याच्याकडून शिकावं. माझ्याकडे एका साडीतून एकच ब्लाउजपीस निघतो. त्याच्याकडे एका कॅलेंडरातून उन्हाळ्यातलं पाणमांजर, पावसाळ्यातलं पाणमांजर, हिवाळ्यातलं पाणमांजर, पाणमांजर आणि मासे, पाणमांजर आणि राखणदार असे पाच-पाच पेपर निघायचे. राखणदाराच्या पेपरात राखणदाराचं नाव नव्हतं. शेवटी आभार मानले होते, 'एका स्थानिक माहितगाराचे'. जन्मभर ज्याच्या घरात जेवला त्या बापाला स्थानिक माहितगार म्हणणारा मुलगा मी तरी दुसरा पाहिला नाही. मी विचारलं, तर म्हणाला, ताई, वडिलांचं नाव लिहिलं की सायन्समध्ये वाईट दिसतं.

आणि सायटेशन. आमच्या खान्देशात लग्नात टोपी-टॉवेल देतात ते तुम्हाला माहीत असेल. यजमान पाहुण्याला टोपी-टॉवेल देऊन मान करतो. तो पाहुणा तोच टॉवेल, घडी न मोडता, पुढच्या लग्नात दुसऱ्याला देतो, आणि फिरत फिरत वर्षभरात तो पहिल्या यजमानाच्याच गळ्यात येतो. त्या टॉवेलानं आजवर कुणाचं तोंड पुसलेलं नाही, पण मान मात्र पंचवीस जणांचा झालेला असतो. धर्माचा असाच एक ग्रुप होता, नऊ मास्तरांचा. एक वटवाघळांचा, एक सापांचा, एक तळ्यातल्या शेवाळाचा. पेपर छापला की ग्रुपवर टाकायचा आणि बाकी आठांनी आपल्या पुढच्या पेपरात त्याचं नाव घ्यायचं. शेवाळवाल्याला पाणमांजराचं काय काम हे विचारायची पद्धत नव्हती. कुणी कुणाचं वाचत नव्हतं, अळीमिळी गुपचिळी.

पण एक पेपर मात्र खरोखर चालला. झालं असं की बापूंचे आकडे वर्षागणिक उतरत गेले. सुरुवातीला सहा असायचे, मग पाच, तीन, दोन. आजूबाजूला गोडाऊनं होत होती, नाल्याचं पाणी कधी निळं कधी लाल यायचं, जनावरं निघून जात होती. एक दिवस बापूंनी फोनवर सांगितलं, आज एक बी नही. दुसऱ्या दिवशी तेच. चौदा महिने मी कॅलेंडरात शून्य लिहीत होते. धर्मानं मग पेपर लिहिला, की तापीकाठच्या या तळ्यातून पाणमांजर कायमचं नाहीसं झालं. हा पेपर कुठल्या कुठल्या देशांत गेला. ग्रुपच्या बाहेरच्या लोकांनी त्याचं नाव घेतलं. एकशे चाळीस सायटेशन! गुजराती वर्तमानपत्रात फोटो आला. जनावर गेल्याचं दुःख करणारा चेहरा त्यानं फोटोसाठी केला होता, पण दात दिसत होते.

पेपर छापल्यावर धर्मानं मला सांगितलं, आता लिहू नको, शून्य ते शून्य, प्रोजेक्ट संपला. मी लिहायचं सोडलं. बापूंनी फोन सोडला नाही. रोज सात वाजता, मी चहा गाळत असताना, "आज एक बी नही" आणि फोन बंद. दोन वर्षं हा माणूस जे नाही त्याची खबर रोज देत होता, आणि आवाज कसा, तर लॉटरी लागल्यासारखा. मला एकदाही प्रश्न पडला नाही की नाही म्हणताना हे इतके खूश का असतात. माझीही अक्कल घडी घालून खोक्यातच गेली होती म्हणायची.

गेल्या जानेवारीत आमच्या समाजानं धर्माचा सत्कार ठेवला. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय. हॉल भरलेला, स्टेजवर धर्मा फेटा बांधून, आणि समाजाचे अध्यक्ष हिलाल आप्पा माइक धरून. आप्पांनी पेपर वाचलेला नव्हताच, पण धर्मानं त्यांना चिठ्ठी लिहून दिली होती. आप्पांनी घसा खाकरून सांगितलं, की आपल्या या लेकरानं दहा वर्षं चिखलात उभं राहून जगाला दाखवून दिलं की त्या तळ्यावर आता एकसुद्धा पाणमांजर उरलेलं नाही. टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेत बापू बसले होते. त्यांना ऐकू आलं नाही. त्यांनी मला विचारलं, काय बोलना आप्पा? मी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन सांगितलं, की तळ्यावर आता एक पण नाही. त्यावर बापू, बहिरी माणसं बोलतात तसे, सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात बोलले.

"नही कशी? एक शे ना. आज सकायले दखी मी तिले."

हॉल हसला. लोकांना वाटलं म्हाताऱ्यानं गंमत केली. धर्माही हसला, पण फेट्याखाली त्याचा रंग उतरलेला मला दिसला.

घरी आल्यावर त्यानं फेटासुद्धा काढला नाही. बापूंना खाटेवर बसवलं आणि वकिलासारखे प्रश्न सुरू केले. एक आहे? हो. कधीपासून? पहिल्यापासून, कान फाटलेली मादी आहे, बाकीची गेली पण ती गेली नाही. मग रोज शून्य का सांगत होता? बापूंना या प्रश्नाचंच नवल वाटलं. म्हणाले, एक होती म्हणून. एकातून एक काढलं की काय राहतं, तू शिकलेला आहेस ना. मग त्यांनी सांगितलं, "जित्ता जीवना पुरा आकडा कोनले सांगू नही. नजर लागस." म्हणजे सहा होती तेव्हा सात होती, दोन होती तेव्हा तीन होती. दहा वर्षं रोज एक पाणमांजर बापूंनी आमच्यापासून लपवून ठेवलं होतं. आणि ज्या दिवशी लपवायला एकच उरलं, त्या दिवशी माझा भाऊ जगप्रसिद्ध झाला.

मी हसायला लागले. हसू आवरेना. धर्मा ओरडला, हे काय अडाणीपण आहे, आणि तेव्हा माय स्वयंपाकघरातून बाहेर आली. तिनं जे सांगितलं ते मला चाळीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. आम्हाला एक धाकटा भाऊ होता, किसन. एवढं मला माहीत होतं. मी सहा-सात वर्षांची होते तेव्हा आमच्या खोलीवर शिरगणतीवाला आला आणि त्यानं विचारलं, मुलं किती. बापूंनी दारात उभं राहून, सगळी चाळ ऐकत असताना, छाती काढून सांगितलं, तीन. त्याच पावसाळ्यात किसन काविळीनं गेला. आजी म्हणाली, गावी गायी-म्हशींचा आकडा कुणी पुरा सांगत नाही, आणि तू पोटच्या पोरांचा सांगितलास. त्या दिवसापासून बापूंनी कुठल्याही जिवाचा पुरा आकडा तोंडातून काढला नाही.

आता माझं ऐका. मी जन्मभर ऐकत आले, कुणीही बापूंना विचारलं, किती मुलं, तर ते म्हणायचे, एक, हा धर्मा. शाळेत, दवाखान्यात, लग्नाच्या बोलणीत. मी शेजारी उभी असायची, परकर घालून, नाही तर साडी नेसून. मी धरून चालले होते की मुलगी आहे म्हणून बाप मला मोजत नाही. त्या रागावर मी किती वर्षं काढली ते माझं मला माहीत. त्या दिवशी मायला विचारलं, मग मलाच का वगळलं, धर्माला का नाही. माय म्हणाली, तू पहिली, तू तापानं सारखी फणफणायची, तू पण जाशील अशी त्याला धास्ती होती. जिला जपायचं तिला झाकून ठेवलं, त्यात काय विचारतेस. आणि ती परत भाकरी टाकायला गेली. मी तिथेच बसले, रडू येत होतं आणि धर्मा समोर होता म्हणून रडता येत नव्हतं.

धर्माला मात्र या सगळ्यातून एकच गोष्ट कळली, की आकडा चुकला. जो कायम मोजला गेला त्याला मोजणीचं दुखणं कुठून कळणार! त्यानं बापूंना बजावलं, की हे बाहेर कुठे बोलायचं नाही.

इथवर थट्टा होती. फेब्रुवारीत ती संपली. शेठनं तळं एका गोडाऊनवाल्या कंपनीला दिलं आणि कंपनीला ते माती टाकून बुजवायचं होतं. त्यासाठी सरकारी सुनावणी व्हायची होती, आणि कंपनीनं जो रिपोर्ट दिला त्यात पहिल्याच पानावर लिहिलेलं, की या तळ्यात जपण्यासारखं कुठलंही जनावर नाही, पाहा, डॉ. डी. एन. पाटील यांचा पेपर. हे झालं त्याचं एकशे एकेचाळिसावं सायटेशन. बापूंनी मला रिपोर्ट वाचायला लावला आणि मग विचारलं, मग ती कुठे जाईल? आजूबाजूला सगळी गोडाऊनं, नाल्यात रंगाचं पाणी. तिला जायला जागा नव्हती. मातीचे ट्रक आले की ती गेली.

मी जिना चढून वर गेले आणि धर्माला सांगितलं, पेपर छापणाऱ्यांना पत्र लिही, चूक झाली म्हण. तो म्हणाला, तुला कळतं का काय बोलतेस? पेपर मागे घेतला की एकशे एकेचाळीस सायटेशन जातील, अकराचे दहा होतील, आणि पुढच्या महिन्यात त्याची प्रोफेसरपदाची मुलाखत होती. मग त्यानं मला शास्त्र शिकवलं. एका जनावराची काही जात चालत नाही, एक म्हणजे नसल्यासारखंच, शास्त्राच्या दृष्टीनं बापूंनी शून्य सांगितलं ते बरोबरच आहे. मी विचारलं, संवर्धन म्हणजे काय रे? तुझ्या पानावर लिहिलंय म्हणून विचारते. तो पान बघायला लागला, आकडा वाढला का म्हणून.

दुसऱ्या दिवशी मी बापूंबरोबर तळ्यावर गेले. आठ वर्षं आकडे लिहिले, जनावर मी पाहिलेलं नव्हतं. बांधावर बसलो. बापूंनी बोट दाखवलं नाही, बोट दाखवणं म्हणजेही त्यांच्या हिशेबात मोजणंच. नुसते हनुवटीनं म्हणाले, तिकडे. पाण्यातून एक चपटं डोकं वर आलं, एक कान फाटलेला. तोंडात मासा होता. दगडावर चढून तिनं तो शेपटीकडून खायला घेतला, कडाकडा आवाज करत, आणि आमच्याकडे असं बघितलं की आम्हीच फुकटे आहोत. मला ती फार आवडली.

सुनावणी गावच्या शाळेच्या पटांगणात मंडप टाकून झाली. मधे सरकारी मॅडम बसल्या होत्या, गुजराती, चष्म्यावरून बघणाऱ्या. एका बाजूला कंपनीचे लोक, आणि त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर, तज्ज्ञ म्हणून बोलावलेला, आमचा धर्मा. तेच जाकीट. कंपनीवाल्यांनी पेपर वाचून दाखवला. मॅडमनी धर्माला विचारलं, डॉक्टरसाहेब, आजच्या घडीला तळ्यात पाणमांजर आहे की नाही? धर्मानं बापूंकडे बघितलं नाही. तो म्हणाला, उपलब्ध माहितीनुसार नाही, अर्थात आणखी संशोधनाची गरज आहे. उचलली जीभ लावली टाळ्याला. मला तिथेच चप्पल काढावीशी वाटली.

मी हात वर केला आणि सांगितलं, ही माहिती उपलब्ध कुठून झाली ते विचारा, ज्यांनी मोजली ते हे बसलेत. मॅडमनी बापूंना पुढे बोलावलं. टोपी काढून ते उभे राहिले. मॅडमनी मोठ्यानं, हिंदीत विचारलं, काका, आपने कितने देखे? एवढंच. पेन उघडं धरून मॅडम थांबल्या. कंपनीचा एक जण हसला. बापूंचे ओठ हलत होते आणि आवाज येत नव्हता. मला माहीत होतं ते कुठे उभे आहेत. ते चाळीतल्या त्या जुन्या खोलीच्या दारात उभे होते, समोर शिरगणतीवाला होता. एक कमी सांगायचा तर शून्य होत होतं, आणि शून्य सांगितलं तर ट्रक येणार होते. पुरा सांगायचा तर, त्यांच्या लेखी, ती मरणार होती. मी मनात म्हटलं, नका सांगू बापू, चला घरी जाऊ. खरंच म्हटलं.

"एक," बापू म्हणाले. "एक शे."

मॅडमनी लिहून घेतलं. वनखात्याची माणसं आठवडाभर तळ्यावर बसतील, तोवर मातीचा एक ट्रकही येणार नाही, असं सांगून त्या उठल्या. बापू खाली बसले आणि टोपी घालायची विसरले.

दुसऱ्या दिवशी सात वाजता फोन आला नाही. मी केला, तर उचलला आणि काही बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी मीच गेले. वनखात्याचे दोघं जण दुर्बीण लावून बसले होते, कंटाळले होते. ती दिसलेली नव्हती. बापू दोन दिवस जेवले नव्हते. मला एवढंच म्हणाले, की मी दुसऱ्यांदा तेच केलं. या माणसाची समजूत कोण घालणार? अंधश्रद्धा आहे हो, मला पण कळतं. पण त्या बांधावर बसून मी कधी नव्हे ती गणपतीला नवस बोलले, एका पाणमांजरासाठी, आणि कुणाला सांगितलं नाही.

चौथ्या दिवशी सात वाजता मी चहा गाळत होते. फोन वाजला.

"आज एक बी नही," बापू म्हणाले. आवाज तोच, लॉटरीवाला.

मी चहा तसाच ठेवला, खुर्चीवर चढून कॅलेंडर उतरवलं आणि त्या चौकोनात एक लिहिला. वनखात्याच्या दोघांनीही तो त्याच सकाळी लिहिला. त्यांच्याकडे फोटो आहे, त्यात कान फाटलेला नीट दिसतो. तळ्याची परवानगी अडली आहे आणि अजून अडलेलीच आहे.

धर्माचं म्हणाल तर त्याचं वाईट होईल असं तुम्हाला वाटत असेल. तुम्ही भोळे आहात. त्यानं महिन्याभरात नवा पेपर लिहिला, 'नामशेष मानल्या गेलेल्या पाणमांजराचा पुन्हा शोध'. शोधलं कुणी, तर डॉ. डी. एन. पाटील यांनी. नामशेष कुणी मानलं होतं, तर पाहा, डॉ. डी. एन. पाटील. जुना पेपर मागे घ्यायची गरजच पडली नाही, उलट नव्याचं नाव घेणारा प्रत्येक जण जुन्याचंही घेतो. अकराचे बारा झाले. प्रोफेसरही झाला. नव्या पेपराच्या आभारात एक सुधारणा आहे, 'एका स्थानिक माहितगाराचे' याच्या ऐवजी 'एका ज्येष्ठ स्थानिक माहितगाराचे'.

पेढे वाटले त्या दिवशी कॉलेजाचे लोक घरी आले होते. रविवार होता, बापू खाटेवर बसले होते. त्यांच्यातल्या एका वयस्क बाईंनी गोडीनं विचारलं, काका, इतका हुशार मुलगा, तुम्हाला मुलं किती? धर्मा ऐटीत पुढे सरकला. बापूंनी त्याच्याकडे बोट केलं.

"एक," ते म्हणाले, "हाऊच."

मी पेढ्यांचं ताट घेऊन त्यांच्या मागे उभी होते. या उत्तराचा मला जन्मात पहिल्यांदाच राग आला नाही. मी आणखी जरा मागे सरकले, खाटेच्या आड, कुणाला दिसणार नाही अशी.